गाडीवरचे चित्र आणि अक्षर टिकावे कसे?



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा नेहमीप्रमाणे इतिहासातला एखादा विषय घ्यावा, असे मनात होते. मी कला शाखेचा पदवीधर. बँकेत कारकुनी करीत वीस वर्षे गेली. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. परंतु या वर्षी घरातच असा एक प्रसंग घडला की, ज्याला आपण सारे सरसकट ‘रेडियम’ म्हणतो त्या गाडीवरच्या चित्रांचा आणि अक्षरांचा विषय मला समजून घ्यावा लागला. जे समजले ते सर्वांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

माझ्या मेहुण्याची प्रवासी जीप आहे. कंधार, लोहा, नांदेड या रस्त्यावर तो ती चालवितो. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे १३ एप्रिलला, त्याने भर दुपारी गाडीच्या बॉनेटभर बाबासाहेबांचे रंगीत चित्र लावून घेतले. दोन्ही बाजूंना अशोकचक्र आणि मागील दारावर भाड्यासाठी आपला मोबाईल नंबर. मिरवणुकीत गाडी उठून दिसली. पुढच्या एप्रिलपर्यंत मात्र चित्राचा चेहरा पांढुरका पडला, कपाळावर बारीक भेगा आल्या आणि कडेची सालपटे वाऱ्यावर फडफडू लागली. माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, “बाबा, काढ ते आधी. नाहीतर नीट लाव. बाबासाहेबांचं तोंड असं उन्हात सोलायला ठेवू नको.”

दुसरा प्रसंग त्याहून गंभीर. मेहुणा राहतो शेतात आणि गाडी उभी राहते रस्त्याकडेच्या वस्तीवर. एका रात्री बाहेरगावाहून पाहुणे म्हणून आलेल्या कुटुंबातील लेकीला कळा सुरू झाल्या. समोर गाडी उभी, टॉर्चच्या उजेडात नंबर वाचला, तर शेवटचे दोन आकडे निघून गेलेले. वस्तीवरच्या माणसांना उठवून, विचारपूस करून मेहुण्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण त्या रात्रीनंतर मेहुणा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दाजी, पैसे तर पूर्ण दिले होते. मग हे टिकत का नाही?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना नांदेडच्या दोन-तीन कारागिरांशी बोललो, चित्रपट बनविणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिका वाचल्या. त्याचा सारांश पुढे देत आहे. येथे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, तर चित्र ज्याच्यावर छापतात तो पातळ प्लास्टिकचा पापुद्रा, हे सांगायला नकोच.

‘रेडियम’ हे नाव कोठून आले?

रेडियम हे मूलद्रव्य मेरी क्युरी आणि पिअर क्युरी यांनी १८९८ साली शोधून काढले. पुढे घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियम मिसळलेला रंग वापरला जाई. त्यातील किरणोत्सारामुळे माणसांना भयंकर आजार होतात हे कळल्यावर तो वापर बंद पडला. परंतु अंधारात चमकणारे ते रेडियम, हा समज लोकांच्या जिभेवर राहिला. आज आपल्या गाड्यांवर लागणाऱ्या कोणत्याही पट्टीत रेडियम नसते. रात्री दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या पट्टीत काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक बसविलेले असतात. ते दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवितात. अशा पट्टीचा रस्त्यावरच्या फलकासाठी पहिला वापर १९३९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. म्हणजे ही पट्टी स्वतः उजेड देत नाही. आलेला उजेड ती परत करते. म्हणूनच तिच्यावर धूळ बसली की ती आंधळी होते.

न चमकणारी जी रंगीत अक्षरे आणि चित्रे असतात, ती व्हिनाइलची. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. आपल्या शेतात पाण्यासाठी जो पाईप टाकतो, तोच हा पदार्थ. पाईप कडक आणि हे स्टिकर मऊ, असे का? तर मूळ पीव्हीसी कडकच असते. त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलासारखे द्रव्य मिसळले की ते मऊ होते. १९२६ साली अमेरिकेतील वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने ही युक्ती शोधली. आपल्या सगळ्या प्रश्नाचे मूळ या तेलकट द्रव्यात आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

स्टिकर मरते कसे?

स्टिकरचे तीन थर असतात. वरचा व्हिनाइलचा पापुद्रा, त्याखाली चिकटद्रव्य आणि सर्वांत खाली सोलून टाकायचा गुळगुळीत कागद. छापील चित्र असेल तर पापुद्र्यावर शाईचा एक थर येतो आणि त्यावर पारदर्शक लॅमिनेशन.

आता ही गाडी मे महिन्यात उन्हात उभी आहे असे समजा. नांदेड जिल्ह्यात त्या दिवसांत हवेचे तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते. गडद रंगाचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्यावर हात टेकवत नाही. या उष्णतेने व्हिनाइलमधील प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर पडू लागते. काही हवेत जाते, काही खालच्या चिकटद्रव्यात उतरते. वरचा पापुद्रा त्यामुळे कडक आणि आखूड होतो, तर खालचे चिकटद्रव्य पातळ, चिकचिकीत होते. पापुद्रा आकसतो आणि कडेला चिकट काळी रेघ उघडी पडते. त्या रेघेवर धूळ बसते. आपण म्हणतो, “कड सुटली.” खरे तर कड सुटलेली नसते, कापड धुतल्यावर आटावे तसे स्टिकर आटलेले असते.

दुसरा शत्रू म्हणजे उन्हातील अतिनील किरण. ते पीव्हीसीची रासायनिक साखळी तोडतात आणि रंगही उडवितात. छपाईच्या चार शायांत पिवळी आणि गुलाबी या लवकर उडतात. निळी शाई तांब्याच्या एका अतिशय टिकाऊ रंगद्रव्यापासून बनते, म्हणून ती मागे राहते. रस्त्याकडेचे जुने फलक निळसर झालेले दिसतात त्याचे कारण हेच. मेहुण्याच्या गाडीवर बाबासाहेबांच्या चेहऱ्याचा वर्ण उडाला, कोटाचा निळा मात्र तसाच होता.

तिसरी गोष्ट जागेची. बॉनेट आणि टप हे आडवे भाग. आपले कंधार साधारण १९ अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. त्या वेळी सगळा मारा आडव्या भागावर होतो. शिवाय धूळ, दव आणि पावसाचे पाणी तेथेच साचते. म्हणूनच कंपन्या आपल्या मालाची हमी देताना उभ्या भागासाठी एक मुदत आणि आडव्या भागासाठी त्याहून बरीच कमी मुदत देतात. उष्ण प्रदेशासाठी ती आणखी कमी असते. आपण मात्र सर्वांत आदराचे चित्र नेमके बॉनेटवर लावतो!

माल ओळखावा कसा?

दुकानात सगळे स्टिकर सारखेच दिसते. परंतु त्याच्या मुख्य तीन जाती आहेत.

पहिली जात मोनोमेरिक. व्हिनाइलचा गरम गोळा पोळी लाटावी तसा रुळांमधून लाटून हा पापुद्रा करतात. लाटताना त्याला ताण बसतो आणि पुढे ऊन लागले की तो ताण सोडून आकसू पाहतो. यातील प्लास्टिसायझर हलक्या प्रतीचे असल्याने लवकर निघून जाते. सपाट जागी, थोड्या काळाच्या जाहिरातीसाठी हा माल ठीक. आपल्या उन्हात याच्याकडून दोन-तीन वर्षांची अपेक्षा करू नये.

दुसरी जात पॉलिमेरिक. हीसुद्धा लाटलेलीच, पण यातील प्लास्टिसायझरचे रेणू लांब असल्याने ते सहजासहजी बाहेर पडत नाहीत. गाडीच्या सपाट दारासाठी, अक्षरांसाठी हा मध्यम खर्चाचा चांगला मार्ग आहे.

तिसरी जात कास्ट. यात द्रवरूप व्हिनाइल सपाट पृष्ठावर ओतून भट्टीत वाळवितात, जसे आपण उन्हाळ्यात कुरडईचा चीक घालवून पापड्या घालतो तसे. लाटण्याचा ताण नसल्याने हा पापुद्रा फारसा आकसत नाही. तो पातळही असतो. सुमारे ५० मायक्रॉन. लाटलेला माल ७० ते १०० मायक्रॉनचा असतो. जाड म्हणजे मजबूत, असे आपल्याला वाटते. येथे मात्र उलट आहे. गाडीच्या वळणावर, खोबणीत बसायचे असेल आणि संपूर्ण गाडी मढवायची असेल तर कास्टच हवा.

चित्रावर लॅमिनेशनही त्याच जातीचे असावे. कास्टवर हलके लॅमिनेशन टाकले तर वरचा थर आकसतो आणि खालच्या चांगल्या मालालाही ओढून उचलतो.

येथे थोडा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा ४० चौरस फुटांचे काम आहे. हलका माल ६० रुपये फुटाने २४०० रुपयांत झाला आणि दीड वर्ष टिकला, तर वर्षाला १६०० रुपये पडले. चांगला माल १५० रुपये फुटाने ६००० रुपयांत झाला आणि पाच वर्षे टिकला, तर वर्षाला १२०० रुपये. शिवाय हलक्या कामात दर दीड वर्षाने जुने खरवडण्याची मजुरी आणि गाडी उभी राहिल्याचा तोटा वेगळाच. कर्ज घेताना नुसता हप्ता न पाहता मुदतही पाहावी, असे मी खिडकीवर येणाऱ्या खातेदारांना सांगत असतो. स्टिकरलाही तोच न्याय लावावा.

छपाईतील घाई

मेहुण्याच्या चित्राचे निम्मे नुकसान गाडीवर येण्याआधीच झाले होते. सॉल्व्हंट शाईने छापलेले चित्र हाताला कोरडे लागते, पण त्यातील द्रावक आत शिल्लक असतो. तो उडून जाण्यासाठी चित्र किमान २४ तास, शक्यतो ४८ तास, मोकळे ठेवावे लागते. गुंडाळी करून ठेवले तर तो उडत नाही. घाईने लॅमिनेशन केले की द्रावक आत कोंडला जातो, पापुद्रा आणि चिकटद्रव्य दोन्ही मऊ करतो आणि कडा वळू लागतात. जयंतीच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी असते. कारागिराला वाळविण्याइतका वेळ आपणच देत नाही. मग दोष एकट्या त्याचा कसा?

म्हणून पहिली सूचना अशी की, जयंतीचे काम मार्चच्या सुरुवातीलाच द्यावे. तेव्हा गर्दी नसते आणि ऊनही चढलेले नसते.

दुसरी सूचना नंबराविषयी. मोबाईल नंबर, गावाचे नाव, संस्थेचे नाव अशी अक्षरे छापून घेण्यापेक्षा रंगीत व्हिनाइलमधून यंत्राने कापून घ्यावीत. छापील अक्षराचा रंग वरच्या पातळ थरात असतो. कापलेल्या अक्षराचा रंग पापुद्र्यात आरपार असतो. तो अधिक टिकतो. पांढऱ्या पत्र्यावर काळा, निळ्या पत्र्यावर पांढरा, असा स्पष्ट विरोध ठेवावा. आणि नंबर एकाच जागी न लिहिता दोन जागी लिहावा.

लावण्याची रीत

पूर्वी आपल्याकडे गाड्यांवर पेंटर हाताने अक्षरे काढीत. आधी पत्रा घासणे, पुसणे, अस्तर देणे, ते वाळू देणे आणि मग कुंचला. दिवस दिवस जाई. स्टिकर आल्यापासून अर्ध्या तासात काम होते म्हणून ही तयारी आपण सोडून दिली. खरे पाहता ती स्टिकरलाही तितकीच लागते.

१) गाडी आधी साबणाच्या पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळवावी. दाराच्या फटीत पाणी राहू देऊ नये.

२) नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे कारागीर ज्याला आयपीए म्हणतात त्याने, पत्रा पुसावा आणि ते उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या स्वच्छ कापडाने टिपून घ्यावे. नाहीतर मळ जागच्या जागी परत बसतो. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने पुसू नये. त्याचा तेलकट अंश मागे राहतो.

३) पत्र्याला गंज असेल, लांबी उडालेली असेल, रंगाचे पोपडे निघत असतील तर आधी ते काम करावे. स्टिकर रंगाला चिकटते आणि रंग पत्र्याला. रंगच सुटला तर उत्तम स्टिकरही त्याच्यासोबत निघते. गॅरेजमध्ये नवा रंग दिला असेल तर तो आतून पूर्ण वाळेपर्यंत काही आठवडे थांबावे.

४) काम सावलीत करावे. पत्र्याचे तापमान साधारण १५ ते ३० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. आपल्याकडे उन्हाळ्यात ते पहाटे ते सकाळी आठपर्यंतच मिळते. तापलेल्या पत्र्यावर चिकटद्रव्य टेकताच पकडते, उचलून सरळ करता येत नाही आणि मऊ झालेला पापुद्रा ओढला जातो. ओढलेला भाग पुढे परत फिरतो. १३ एप्रिलच्या दुपारी नेमके हेच झाले होते.

५) पट्टी मधून कडेकडे, एकावर एक येतील अशा फटकाऱ्यांनी ओढावी. बुडबुडा राहिला तर ब्लेडने चीर न देता सुईने टोचून हवा काढावी.

६) खोबणीत किंवा वळणावर ओढून बसविलेला भाग शेवटी हीट गनने सुमारे ९० ते १०० अंशांपर्यंत तापवून पक्का करावा. त्यामुळे पापुद्रा आपला जुना आकार विसरतो. हे काम कारागिराने वगळले की दोन महिन्यांत खोबणीत पोकळी दिसू लागते.

७) चौकोनाचे कोपरे टोकदार न ठेवता गोल कापावेत. टोक आधी उचलते. दाराच्या रबरावर किंवा दोन पत्र्यांच्या फटीवरून स्टिकर सलग नेऊ नये, तेथे कापून घ्यावे. दोन तुकड्यांचा जोड असेल तर घरावरच्या पत्र्यांसारखा विचार करावा. पुढचा तुकडा मागच्यावर चढवावा, म्हणजे वारा कडेखाली शिरत नाही.

८) लावल्यावर निदान दोन-तीन दिवस गाडी धुऊ नये. चिकटद्रव्याची पकड हळूहळू वाढत जाते.

रोजची निगा

लावणे एका दिवसाचे, सांभाळणे रोजचे. आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पू आणि भरपूर पाण्याने गाडी धुवावी. कपड्याची पावडर किंवा सोडा वापरू नये. आपल्याकडची काळी माती वाळली की तिचे खडे पॉलिश पेपरसारखे घासतात. म्हणून कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय सोडावी. आधी पाणी, मग फडके.

बोअरच्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते पाणी उन्हात वाळले की पांढरे डाग पडतात आणि दिवसेंदिवस घट्ट होतात. धुतल्याबरोबर मऊ कापडाने टिपून घ्यावे आणि सावलीतच धुवावे.

वॉशिंग सेंटरवरील जोराच्या पाण्याने पुष्कळ स्टिकर जातात. नळी किमान एक फूट दूर धरावी, पाण्याची धार पसरट असावी, दाब २००० पीएसआयपेक्षा कमी असावा आणि धार कडेवर तिरपी मारू नये. पोराला हे आधीच सांगून ठेवावे.

डिझेल भरताना सांडलेले थेंब, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक हे लगेच पुसावे. डिझेल पापुद्र्यात शिरून त्याला फुगविते. याच कारणाने गाडी चकचकीत दिसावी म्हणून डिझेलच्या फडक्याने पुसण्याची आपल्याकडची रीत स्टिकरला घातक आहे. चार दिवस चमक दिसते आणि चार महिन्यांत कड उचलते.

गाडी उभी करताना चित्राची बाजू भिंतीकडे किंवा सावलीकडे ठेवावी. एवढ्यानेही आयुष्य वाढते. कड थोडी उचललेली दिसताच स्वच्छ करून दाबून घ्यावी किंवा तेवढा भाग बदलावा. आत धूळ शिरल्यावर ती पुन्हा चिकटत नाही.

कायद्याचे भान

उत्साहाच्या भरात नियम मोडू नयेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. संपूर्ण गाडी दुसऱ्या रंगाने मढवायची असेल तर आरटीओ कार्यालयात आधी विचारावे. काचांविषयी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० आहे. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली. मागील काचेवर मोठे चित्र लावल्याने चालकाला मागचे दिसत नाही, हा धोका तर उघडच आहे. नंबरप्लेटवर कोणतेही स्टिकर, चित्र वा घोषणा नको. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच बसून येते. जुन्या गाड्यांनाही ती बसविणे बंधनकारक करण्यात आले आहे. मालवाहू गाड्या आणि ट्रॉलीवरच्या परावर्तक पट्ट्या ही शोभेची वस्तू नव्हे. उसाच्या दिवसांत रात्री रस्त्यात उभी असलेली ट्रॉली मागच्याला दिसली नाही तर काय होते, हे आपल्या भागात कुणाला सांगण्याची गरज नाही. त्या पट्ट्या दर आठवड्याला पुसाव्यात.

काढण्याची वेळ

कोणतेही स्टिकर कायमचे नसते. ते वेळेवर काढणे हाही निगेचाच भाग आहे. भेगा पडण्याआधी काढले तर कोमट करून, हळूहळू, पत्र्याला जवळजवळ समांतर ओढत अखंड निघते. उशीर केला तर नखाएवढे तुकडे निघतात आणि रंगही जातो.

काढलेल्या चित्राचे काय करावे, हा प्रश्न सासूबाईंनी विचारला. आदराची वस्तू कचऱ्यात कशी टाकायची, म्हणून आपल्यातील काही जण ती अग्नीला देतात. तसे कृपया करू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. नदीत किंवा तलावातही टाकू नये. ते कुजत नाही. आम्ही चित्र आतल्या बाजूला दुमडले, कागदात गुंडाळले आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीत दिले. सासूबाईंना ते पटले. त्या म्हणाल्या, “धूर करून कुणाच्या छातीत घालण्यापेक्षा हे बरं.”

विद्यार्थ्यांना दोन शब्द

हा धंदा आज तालुक्याच्या गावात अनेक तरुण करीत आहेत. यंत्र घेतले म्हणजे धंदा झाला, अशी समजूत असते. ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज प्रधानमंत्री मुद्रा योजनेतून २०१५ पासून मिळते, त्यापुढील मोठ्या गटांतही कर्ज आहे. पण कर्जाच्या कागदांत बहुतेक जण फक्त यंत्राची किंमत लिहितात. चांगले छत, धूळ न येणारी खोली, हीट गन आणि माल वाळविण्यासाठी मांडणी यांचा खर्च कुणी धरत नाही. नेमके त्यावरच काम टिकते आणि काम टिकले तरच गिऱ्हाईक परत येते. गिऱ्हाईकाला मालाची जात बिलावर लिहून द्या. कोणता माल, कोणते लॅमिनेशन, लावल्याची तारीख. एवढ्याने तुमची पत वाढेल.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही दुकानात तीन प्रश्न विचारावेत : माल मोनोमेरिक, पॉलिमेरिक की कास्ट? छापल्यावर किती तास वाळविला? लॅमिनेशन त्याच जातीचे आहे का?

मेहुण्याने या मार्चमध्ये नव्याने काम करून घेतले. बॉनेट मोकळे ठेवले. बाबासाहेबांचे चित्र लहान केले आणि दाराच्या सपाट भागावर, कास्ट मालात, सकाळी सहा वाजता सावलीत लावले. मोबाईल नंबर कापलेल्या काळ्या अक्षरांत, मागे आणि डाव्या बाजूला, हाताच्या वितीएवढा मोठा. रात्री टॉर्च मारला की वीस पावलांवरून वाचता येतो, हे मी स्वतः जाऊन पाहिले.

चित्र लावण्यामागे आदर असतो, नंबर लिहिण्यामागे जबाबदारी असते. दोन्ही उन्हापावसात टिकवायची तर थोडा अभ्यास आणि थोडी शिस्त हवी. येत्या जयंतीला आपल्या नगरातील एकाही गाडीवर फाटलेले चित्र आणि पुसलेला नंबर दिसू नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून लेख संपवितो.

जय भीम!